ज्याचा हात, त्याचं कुलूप

आमच्या म्हैसूरच्या घरमालकांची आठवण निघाली की मला आधी राग येतो. माया वगैरे मागाहून येते, तीही रागाला विचारून. एखादा माणूस इतका बरोबर असून इतका हेकट कसा असू शकतो, हे कोडं मी त्यांच्या माडीवर राहत होते तेव्हा सुटलं नाही आणि ते गेल्यावरही सुटलेलं नाही.

आम्ही नवरा-बायको साताऱ्याहून नोकरीसाठी म्हैसूरला आलो आणि कुवेंपुनगरात भाड्याचं घर शोधत हिंडत होतो. एका फाटकावर मराठी आडनाव दिसलं म्हणून बेल वाजवली. घर जुन्या म्हैसूरकर मराठ्यांचं. त्यांचे पणजोबा की खापरपणजोबा राजाच्या फौजेत होते म्हणे. घरमालक, म्हणजे आमचे मामा, आमच्याशी मराठीत बोलायला लागले आणि दोन वाक्यांत मला कळलं की यातलं निम्मं कन्नड आहे. त्यांनाही आमचं मराठी पसंत पडलं नव्हतं. तुम्ही पेपरात छापल्यासारखं बोलता, असं तोंडावर सांगून त्यांनी घर दिलं. गल्ली त्यांना बीगमामा म्हणायची. कन्नडात बीग म्हणजे कुलूप. हे नाव का पडलं ते कळायला फार दिवस लागले नाहीत.

मी खाली मामींकडे विरजण मागायला गेले होते. मामी मिक्सरचं पातं पुसत होत्या. मामा बाहेरच्या खोलीतून उठून आले, मिक्सरचा प्लग भिंतीतून उपटला, तो आणून मामींच्या मांडीवर ठेवला आणि परत जाऊन बसले. मामींनी मान वर न करता प्लग पदराखाली घेतला. सगळ्या जगात मिक्सर असाच पुसतात, असा त्यांचा चेहरा होता.

दुसऱ्यांदा पाहिलं ते संप धुताना. अंगणात जमिनीखाली पाण्याची टाकी असते, तिला तिकडे संप म्हणतात. ती धुवायला माणूस आत उतरला, तेव्हा मामांनी पंपाच्या बटणाच्या पेटीला लाल रंगाचं कुलूप घातलं आणि किल्ली त्या माणसाला दिली. तो आत गुडघाभर गाळात उभा, किल्ली कुठे ठेवू म्हणतोय. मी शहाणपणाने म्हटलं, मामा, तुमच्या खिशात ठेवा की. तर माझ्यावरच उखडले, निम्मं कन्नडात; सुम्ने म्हणजे उगीच, मत्ते म्हणजे मग.

"मी चहाला गेलो, कोणीतरी मागितली, सुम्ने देऊन टाकली. मत्ते? आत कोण हाय? तो हाय ना? मग किल्ली त्याचीच."

आणि याच माणसाच्या फाटकाला कुलूप नव्हतं. मागचं दार नुसतं लोटलेलं असायचं. दोघं नवरा-बायको चामुंडीला जायचे तेव्हासुद्धा घर उघडं. मी एकदा घाबरून बाहेरून कडी घातली तर मला म्हणाले, कुलूप सामानाला नसतं, माणसाला असतं. त्यांचं हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की कान किटले.

मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात मामांची सगळी नोकरी सेफ्टी सुपरवायझर म्हणून गेली होती. मशीनच्या आत हात घालून काम करायचं असलं की बटण बंद करून त्यावर आपलं कुलूप घालायचं, असा तिथला नियम. प्रत्येक कामगाराचं कुलूप वेगळं, त्यावर त्याच्या नावाची पट्टी, किल्ली त्याच्याच खिशात. चौघं आत असतील तर चार कुलपं. चौघांनी आपापलं काढल्याशिवाय मशीन सुरू होणार नाही. पाळी बदलली तर आधी नव्या माणसाने आपलं कुलूप लावायचं, मगच जुन्याने आपलं काढून घरी जायचं. मधे एक क्षणही मशीन उघडं राहता कामा नये. दुसऱ्याच्या कुलपाला हात लावणं म्हणजे मामांच्या लेखी मातृहत्येच्या खालोखाल पाप. निवृत्त होताना लोक घड्याळं नेतात, यांनी जुन्या लाल कुलपांची पिशवी आणली. आयुधपूजेला सगळी गल्ली स्कूटरी धुवून झेंडूच्या माळा घालायची, आणि हे पाटावर कुलपं मांडून एकेकाला कुंकू लावत बसायचे.

इथपर्यंत गंमत होती. पण मामांनी संगणक घेतला आणि हा सगळा कारखाना त्यात शिरला.

मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. त्यामुळे संगणकाचं काही अडलं की खालून हाक यायची. फाइली एन्क्रिप्ट कशा करायच्या, म्हणजे पासवर्डशिवाय उघडणार नाहीत अशा कशा ठेवायच्या, हे त्यांनी माझ्याकडून शिकून घेतलं, आणि पुढच्याच आठवड्यात मला शिकवायला लागले. त्यांची पद्धत अशी: लाइटबिल उघडं, बँकेचं उघडं, पेन्शनचं उघडं, पत्रिका उघडी, काशीयात्रेचे फोटो उघडे. मी म्हटलं, मामा, लोक नेमकं हेच आधी लपवतात. ते म्हणाले, बँकेचं गेलं तर बँक बघेल. ज्यात कुणाचा हात अडकलाय, ते कुलपात. मामींच्या पोटाच्या ऑपरेशनचे कागद कुलपात, आणि त्यावर पासवर्ड मामींचा. मामांना स्वतःला ते उघडता येत नसत. डॉक्टरांकडे जायचं असलं की मामी हात पुसत येऊन की-बोर्डवर वाकायच्या आणि मामा तोंड भिंतीकडे करून उभे राहायचे. मी हसायचे. नवऱ्याजवळ त्यांची नक्कलही करायचे.

मग माझं हसू जिरलं. माझा लॅपटॉप बिघडला, तो मी एका दुरुस्तीच्या दुकानात दिला. आम्हाला मूल व्हावं म्हणून तेव्हा डॉक्टरांचे उपचार चालू होते, त्याचे सगळे रिपोर्ट त्यात. मामा जिन्यात आडवे आले होते, कुलूप घातल्याशिवाय देऊ नको म्हणाले होते. मला घाई होती. पुढे मराठी लोकांच्या हळदीकुंकवात एक बाई माझ्या हातावर अत्तर लावता लावता अगदी मायेने म्हणाली, की दोष तुझ्यात नाही ना, मग कशाला वाईट वाटून घेतेस. हे तिला कसं माहीत? तिचा भाचा त्या दुकानात कामाला होता. माझ्या पोटातली गोष्ट वाणाबरोबर घरोघर वाटली गेली होती, आणि सगळ्याजणींना वाटत होतं की आपण किती प्रेमाने बोलतोय. ती बाई अजून कुठे दिसली तर मी रस्ता बदलते. तिच्यासाठी नव्हे, माझ्या तोंडासाठी.

मामा मला 'सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते त्या दुकानात जाऊन बाकावर बसले. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला कन्नडात समजावून सांगायचे की इथे मशीन द्या, पण घरातलं सगळं आधी गल्लीला सांगून टाका, म्हणजे यांचा त्रास वाचेल. दुकानदाराने हात जोडले, ओरडला, पोलिसांना बोलावतो म्हणाला. मामा म्हणाले, बोलाव. दुकान बंद होईपर्यंत ते उठले नाहीत. भाचा नंतर तिथे दिसला नाही.

घरी येऊन त्यांनी माझ्या लॅपटॉपला कुलूप घालायला लावलं. पासवर्ड काय ठेवू, म्हणून मी विचारात पडले. तेव्हा त्यांनी त्यांची दुसरी शिकवण दिली.

"शांत डोक्याने ठेवलेला पासवर्ड माणूस विसरतो. वाढदिवस विसरतो, देवाचं नाव विसरतो. सिट्टु मर्तोगल्ल. राग विसरत नाही. ज्याचा राग आलाय त्याला एक अख्खं वाक्य सुनाव, तेच टाइप कर."

सिट्टु म्हणजे राग. मी त्या दिवशी अत्तरवाल्या बाईला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण खरंच आजतागायत विसरलेले नाही.

एन्क्रिप्शनचा फायदा मला असा अंगाला चटका बसून कळला. म्हणून मामांच्या बाजूने मी एवढं बोलते. आता त्यांच्याविरुद्ध बोलते.

मामा निवृत्त व्हायच्या जरा आधी कारखान्यात अपघात झाला होता. एक फिटर प्रेसच्या, म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशीनच्या, आत हात घालून साचा बसवत होता. बटणावर त्याचं कुलूप होतं. उत्पादन अडलं होतं, कुणालातरी वाटलं की हे कुलूप कालच्या पाळीतलं कोणी विसरून गेलंय. विचारायचे कष्ट न घेता कटरने कुलूप कापलं आणि बटण दाबलं. फिटरचा उजवा हात मनगटापासून गेला. मामा धावत पोचले आणि त्यांनी आपल्या फोनवर फोटो काढले. लोक म्हणाले, माणूस ओरडतोय आणि हा फोटो काढतो. पण मामांना कारखाना माहीत होता. तासाभरात फरशी धुतली गेली, आणि कापलेलं कुलूप जे नाहीसं झालं ते पुन्हा कुणाला दिसलं नाही. कंपनीच्या अहवालात आलं की कामगाराने कुलूप लावलंच नव्हतं. निष्काळजीपणा. त्याच्या गावात तेवढ्याचं भाषांतर 'पिऊन होता' असं झालं.

तो फिटर मामांकडे यायचा. बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या कडेवर बसायचा, डाव्या हाताने चहा घ्यायचा. कन्नडशिवाय दुसरं बोलायचा नाही, पण तोवर मला कन्नड येऊ लागलं होतं. त्याला काय हवं होतं ते त्याने मला एकदाच सांगितलं: हात तर येत नाही, पण कागदावरचा तो शब्द जावा. मुलं शाळेत ऐकतात. त्यासाठी त्याने कामगार खात्याकडे दाद मागितली होती, आणि त्याच्याकडे मामांच्या फोटोंशिवाय दुसरा पुरावा नव्हता.

मग फोटो दाखवून टाकायचे, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं. पण एकाच फोटोत प्रेस, अडकलेला हात, त्या माणसाचा चेहरा आणि खाली पडलेलं नावाचं कापलेलं कुलूप असं सगळं होतं. नुसत्या कुलपाचा फोटो काय सिद्ध करणार, कुलूप कुठेही कापता येतं. आणि त्या दिवशी आणखी कुणीतरी काढलेला त्याच्या हाताचा एक फोटो आधीच गावभर फोनवरून फिरला होता. लोकांनी खाली हात जोडल्याची चित्रं टाकली होती. त्याच्या मुलीने तो पाहिला होता. त्यानंतर ती पोर बापाच्या शेजारी जेवायला बसायला घाबरायची. म्हणून फिटरची एकच अट होती, की अधिकाऱ्याने बघावं, वकिलांनी बघावं, पण हे फोनवर जाऊ नये.

मामांनी ते फोटो एका कुलूपबंद फाइलीत ठेवले. आधी फिटरच्या पासवर्डने बंद केले, मग ती बंद पेटी आपल्या पासवर्डच्या पेटीत ठेवली. पेटीत पेटी. दोघं बसल्याशिवाय उघडणार नाही. मी विचारलं, फोटो तुम्ही काढलेत, तुमचं एक कुलूप पुरे नाही का?

"हात त्याचा हाय," मामा म्हणाले. "उद्या मला कोणी फितवलं, अंद्रे? फितवलं तर? मी म्हाताराच की. माझा मुलगा नोकरीत हाय. मला विकता येऊ नये म्हणून त्याचं कुलूप."

आणि फितवायला लोक आलेच. एक जुने साहेब तुपाने निथळणाऱ्या म्हैसूरपाकाचा डबा घेऊन आले, कंपनीत सल्लागाराची जागा आहे म्हणाले, आणि जाता जाता फोटोंची चौकशी केली. मामांनी सांगितलं की मला इच्छा असली तरी उघडता येत नाही. साहेब हसले, त्यांना वाटलं, म्हातारा भाव वाढवतोय. मग एकदा मामी एकट्या असताना इंटरनेटची वायर तपासायला म्हणून कुणी आला, आणि वायर सोडून संगणकासमोर बराच वेळ बसला. मामींनी त्याला ताकसुद्धा दिलं. त्याला कुणी पाठवलं ते मला सिद्ध करता येत नाही, म्हणून लिहीत नाही. फाइल त्याला उघडली नाही एवढं खरं. मामा त्या दिवशी इतके खूश होते की मला खाली बोलावून त्यांनी तोच म्हैसूरपाक खायला घातला.

मी मात्र खूश नव्हते. मी त्यांना म्हटलं, मामा, कुलूप चोराला थोपवतं तसं मालकालाही थोपवतं. याची एक प्रत कुठेतरी ठेवा, पासवर्ड लिहून लॉकरमध्ये ठेवा, वकिलाकडे ठेवा. ते म्हणाले, दुसरी प्रत म्हणजे दुसरं दार. लिहून ठेवलेली किल्ली म्हणजे दुसऱ्याची किल्ली. आमच्या मशीनच्या कुलपाला कधी डुप्लिकेट नव्हती.

ही वादावादी आमच्यात वारंवार व्हायची, पण एकदा मला खरंच सोसेना. फोटो पेनड्राइव्हवर घालून पाकिटात सीलबंद करून अधिकाऱ्यांकडे द्यायचे होते, तारीख जवळ आली होती, आणि मामांना त्याच आठवड्यात बोलताना अडखळायला लागलं होतं. बशीला वाटी म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, जपा. मी जिन्यातच त्यांना गाठलं.

"मामा, तुमचा नियम मशीनसाठी आहे. एखादा माणूस किल्ली घेऊन मेला तर मशीन बंद राहतं, आणि बंद मशीन कुणाचा हात तोडत नाही. पण हा पुरावा आहे. हा बंद राहिला तर कंपनी पेढे वाटेल. तुम्ही उद्या सगळं विसरलात तर त्या माणसाचं कुलूप दुसऱ्यांदा कापलं जाईल, आणि या वेळी ते तुम्ही कापलेलं असेल."

मामा कठड्याला धरून खाली उतरले. आमच्या इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच वाद घातला नाही. मला वाटलं, पटलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी मला खाली बोलावलं. संगणक चालू होता, पेनड्राइव्ह लावलेला. म्हणाले, बस, तुझं पण एक कुलूप लाव. माझं डोकंच फिरलं. मी रात्र जागून माणसाला सांगतेय की कुलपं कमी करा, आणि हा आणखी एक वाढवतोय. दोघांतला एक विसरण्याची भीती, तर आता तिसरीही मधे आणली. मी बरंच बोलले. मामींनी स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं. मामा आपले शांत. रागातच कर, म्हणाले, तेच चांगलं. तेव्हा मी त्या की-बोर्डवर माझा त्या क्षणीचा सगळा राग रोमन अक्षरांत बडवला आणि उठले. मामा पुढे सरकून काहीतरी पुसत बसले होते. झालं, माझी पाळी संपली, असं काहीसं म्हणाले. मला वाटलं, जेवायला जायचंय.

पाकीट सीलबंद होऊन कामगार खात्याच्या कचेरीत गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत मामांना मोठा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. एकच शब्द उरला, 'सरी'. बरं, ठीक आहे, असा त्याचा कन्नडात अर्थ. उभ्या आयुष्यात ज्या माणसाने कशालाही सरी म्हटलं नाही, त्याच्या तोंडी देवाने तेवढाच शब्द ठेवला. जेवण हवं का, सरी. दुखतंय का, सरी. मी त्यांच्याजवळ बसून पासवर्डबद्दल हळूच विचारलं, पाटी दिली, की-बोर्ड मांडीवर ठेवला. त्यांनी की-बोर्डकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरी म्हणाले. मी माडीवर येऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि रडता रडता त्यांना शिव्या दिल्या. आजाऱ्याला शिव्या देऊ नयेत, हे मला कळतं. पण मी बजावलं होतं. शंभरदा बजावलं होतं.

आता त्यांच्या चिरंजिवांविषयी. बंगळूरला मोठ्या पगारावर, अतिशय सभ्य, सगळ्यांना 'प्लीज' म्हणणारे. ते आले, वडिलांचा संगणक पाहिला, त्यातल्या फाइली उघडत नाहीत असं त्यांना दिसलं, आणि त्यांनी तो सबंध पुसून स्वच्छ केला. आईला सीरियल बघायला बरं, म्हणाले. मी कामावरून आले तर मामी त्यावर कुठलीशी पूजा बघत बसलेल्या. मी चिरंजिवांना विचारलं, विचारायचं तरी होतं. ते म्हणाले, "नाहीतरी लॉक्डच होतं ना ते सगळं? कुणाच्या काय उपयोगाचं?" कारखान्यात ज्याने कटर चालवला, तोही असंच म्हणाला असेल. एवढं बोलून मी वर गेले. त्यानंतर त्यांनी मला कधी प्लीज म्हटलं नाही.

आता उरलं ते कचेरीतलं पाकीट. त्यातला पेनड्राइव्ह दोन्ही बाजूंच्या समोर उघडायचा, असा अधिकाऱ्यांचा हुकूम होता. माझ्या हिशेबाने वरची पेटी माझी, मधली मामांची, आतली फिटरची. मधली उघडणार नव्हती. फिटरला मी हे आधीच सांगितलं होतं. त्याने ऐकून घेतलं आणि इस्त्री केलेला शर्ट घालून आला. मामांना आणू नका असं सगळे म्हणत होते, पण मामींनी चाकाची खुर्ची रिक्षात घातली आणि आणलं. कंपनीचे वकील छान होते दिसायला. त्यांनी मामांना नमस्कार केला, तब्येत विचारली. मामा म्हणाले, सरी. वकिलांनी अधिकाऱ्यांकडे असं बघितलं, की पाहिलंत ना यांची साक्ष. तेव्हा मला जे वाटलं त्याचा एक चांगला लांबलचक पासवर्ड झाला असता.

मी माझं वाक्य टाइप केलं. वरची पेटी उघडली. आत दुसरी पेटी, पासवर्ड मागत उभी. मी अधिकाऱ्यांना म्हटलं, हा या गृहस्थांचा आहे आणि त्यांना आता सांगता येत नाही. वकिलांनी लगेच कागद आवरायला घेतले. फिटर माझ्या खुर्चीमागे उभा होता. त्याने विचारलं, मी माझा घालून बघू? मी म्हटलं, तुमचा आतला आहे, इथे चालणार नाही. तरी तो वाकला आणि डाव्या हाताच्या एका बोटाने सावकाश अक्षरं शोधत राहिला. लांब वाक्य होतं. कारकुनाने तेवढ्यात पंखा वाढवला.

पेटी उघडली. आत फोटो होते.

तेव्हा मला समजलं. मधे मामांची पेटी नव्हतीच. त्या दिवशी मी रागाने की-बोर्ड बडवत होते तेव्हा मामांनी कुलूप वाढवलं नव्हतं. पाळी बदलली होती. आपल्या पेटीतून फिटरची पेटी त्यांनी आधीच बाहेर काढून माझ्यापुढे ठेवली होती, आणि मी उठल्यावर पुसत बसले होते ती स्वतःची पेटी. आधी नव्याचं लागलं, मग जुन्याने आपलं काढलं आणि ते घरी गेले. माझं म्हणणं त्यांना जिन्यातच पटलं होतं. फक्त तसं तोंडाने म्हणायचं नाही, हा हेका. एक वाक्य बोलले असते तर माझे इतके दिवस जळले नसते. मी खुर्चीकडे वळून पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

पडदा भिंतीकडे वळवून अधिकाऱ्यांनी आणि वकिलांनी फोटो पाहिले. मी पाहिले नाहीत, फिटरनेही नाहीत. अधिकारी एका फोटोपाशी वाकले आणि त्यांनी कुलपाच्या पट्टीवरचं नाव मोठ्याने वाचलं. ते फिटरचं होतं. कुलपाची कडी कापलेली आहे, असंही त्यांनी कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं.

वकील गप्प बसतील तर ते वकील कसले. ते उठून म्हणाले, की ही फाइल कोण कोण उघडू शकत होतं ते नोंदीत यायला हवं, म्हणून दोन्ही पासवर्ड इथल्या इथे मोठ्याने सांगून शब्दशः लिहून घ्यावेत; आमचा आग्रह आहे. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझा मराठीत आहे. ते म्हणाले, सांगा आणि अर्थही सांगा. मी उभी राहिले, आणि मामांच्या समोर, मामींच्या समोर, भर कचेरीत सांगितलं.

"या म्हाताऱ्याला ब्रह्मदेवसुद्धा शहाणा करणार नाही."

मग त्याचं कन्नड करून सांगितलं. कारकून खाली मान घालून लिहीत होता, त्याचे खांदे हलत होते. मामी पदर तोंडाला लावून हसल्या. मामांचा अर्धा चेहरा हलला. जो हलत होता तो.

मग अधिकाऱ्यांनी फिटरला विचारलं. तो पुढे आला. त्याचा पासवर्डही रागातलाच होता, फोटो पहिल्यांदा कुलपात गेले तेव्हाचा, पण तो राग त्याने कुणाला काही सुनावण्यात घालवला नव्हता. कन्नडात होता, त्यामुळे त्या खोलीत कुणालाही अर्थ सांगावा लागला नाही.

"नानु बीग हाकिद्दे," तो म्हणाला. मी कुलूप लावलं होतं.

कारकुनाने शब्दशः लिहिलं. कंपनीचे वकील पुन्हा उठले आणि म्हणाले की हे पासवर्ड नाही, हे निवेदन आहे, हे नोंदीतून काढून टाकावं. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे सांगितलं, की लिहून घ्या असा आग्रह तुमचाच होता.

"सरी," मामा म्हणाले.